सिसिलबायच्या हॉलमधली चांदणी

सिसिलबाय आपल्याच बंगल्याच्या हॉलमध्ये, बरोबर मधोमध, खुर्ची टाकून बसली होती आणि उठायला तयार नव्हती. साल शहाऐंशी. मढच्या बंगल्यांत तेव्हा भुतांचे एवढे सिनेमे निघत होते, की खरी भुतं कंटाळून तरीनं खाडी ओलांडून वर्सोव्याला राहायला गेली. बाय मात्र कुठं जाणारी नव्हती.

तिच्या खुर्चीखालच्या लाद्यांवर सैतानाची चांदणी काढायची होती. ब्रश घेऊन उभा होता सहदेव. गिरणीत कापडाच्या गाठींवर छापे मारणारा हा मालवणकडचा माणूस संपापासून चार वर्षं घरी बसून होता. सिनेमातलं हे त्याचं पहिलंच काम. दिग्दर्शक चंद्रप्रकाशनं सकाळीच बजावलं होतं, दुपारपर्यंत चांदणी झाली नाही तर उद्या विक्रोळीहून एवढ्या लांब येऊच नकोस.

चंद्रप्रकाशकडे एक विलायती पुस्तक होतं. त्यात लिहिलेलं, पाचांतलं एक टोक वर असेल तर चिन्ह पवित्र. दोन वर असतील तर ती बोकडाची शिंगं, म्हणजे सैतान. त्याला शिंगंच हवी होती. बायला हे सगळं पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. लहानपणी पाद्रीबाबांनी तिला सांगितलं होतं, पाच टोकं म्हणजे येशूच्या पाच जखमा: दोन हात, दोन पाय, एक कूस. आणि ती उलटी करायची, तीही भिंतीवरच्या क्रुसासमोर?

"सरळ काढ, मी उठते," बाय म्हणाली. "उलटी काढायची तर माझ्या मांडीवर काढ."

सहदेवनं क्रुसाकडे पाहिलं, मग समोरच्या दाराकडे.

"बाय, तुमी प्रार्थनेक खंय बसतास?"

दाराशी, ती म्हणाली, क्रुसाकडे तोंड करून, पन्नास वर्षं झाली. मग त्यानं चंद्रप्रकाशला विचारलं, कॅमेरा कुठं लागणार. क्रुसाच्या खालीच, तो वैतागून म्हणाला, दुसरीकडे लावला तर भुताच्या मागं येशू दिसेल.

"मगे दोघांचाय होतला," सहदेव म्हणाला. "बाय, खुर्ची फकस्त दारापर्यंत न्या."

खिळा, सुतळी आणि खडूनं त्यानं वर्तुळ मारलं. मग लाल रंगानं चांदणी ओढली, हात न उचलता, ब्रश दुसऱ्यांदा न बुडवता. गावी त्याची आई जानकी उंबऱ्याबाहेर पिठानं अशीच ओढायची. तिच्या मते ती पाच टोकं म्हणजे पंचमहाभूतं, आणि वाईट नजरेची वाट अडवायला तेवढी पुरे. एकटं टोक त्यानं क्रुसाकडे ठेवलं.

दाराशी बसलेल्या बायला ते वर दिसलं. तिनं छातीवर क्रुसाची खूण केली. क्रुसाखाली भिंगाला डोळा लावलेल्या चंद्रप्रकाशला दोन शिंगं दिसली. "झकास," तो म्हणाला. लाइटवाले दहा मिनिटं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालत होते.

आता अडलं ते भूत. भुताचं काम करणारा काशीराम, अंगभर राख फासलेला, सैतानाच्या खुणेवर पाय ठेवीना. घरी दोन लहान मुली आहेत म्हणे. सहदेवनं त्याला दंडाला धरून दाराशी आणलं.

"तुझी एंट्री इथून ना रे? मग इथून काय दिसतं ते बघ."

काशीरामनं बघितलं. वाकून जवळच्या टोकाला हात लावला, कपाळाला लावला, आणि बाय दाराआड सरकताच असा काही बिनधास्त आत चालत गेला, की नायिका खरोखरच किंचाळली. एका टेकमध्ये शॉट ओके.

संध्याकाळी सहदेव घासलेटाचा बोळा घेऊन रंग पुसायला आला, तर पाचही टोकांवर शेवंतीची फुलं. बायनं त्याला बोळ्यासकट परत पाठवलं.

त्या हंगामात सहदेवनं मढच्या सात बंगल्यांत सात सैतान काढले. सातही सिनेमांना बायाबापड्या डोळ्यांवर पदर घेऊन बसल्या. आणि मढमध्ये सात घरमालकिणी रोज तिन्हीसांजेला त्या सैतानांपुढे मेणबत्ती लावू लागल्या.