प्रश्नचिन्हांमधली वाट

पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं होती. आधी चार, मग मोकळी जागा, मग पुन्हा चार, मग पाच. मधूनच एखादा आकडा तेवढा शाबूत. नूतननं लॅपटॉप आपल्याकडे वळवला.

"अक्का, हे असं कधीपासून दिसतंय?"

"पयल्या दिवसापासून," खाटेवर टेकून बसलेल्या बेबाबाई म्हणाल्या.

नूतन सकाळच्या बसनं जळगावहून फैजपूरला आली होती. हा खेळ तिचाच. त्यात ना चित्र, ना आवाज. इंटरनेटवरून फक्त मराठी वाक्यं येतात. तुम्ही कुठे उभे आहात, समोर काय आहे, अंगात किती ताकद उरली आहे, एवढंच सांगतात. खेळणाऱ्यानं आकडा दाबायचा. एक म्हणजे उत्तरेला, दोन म्हणजे दक्षिणेला, पाच म्हणजे समोरचं घ्या. चार दिवसांपूर्वी बेबाबाईंच्या सुनेनं, रूपालीनं फोन केला होता. आमच्या लॅपटॉपवर अक्षरंच उमटत नाहीत म्हणाली. नूतननं फोनवरूनच फॉन्ट बदलायला लावला, प्रोग्राम काढून पुन्हा टाकायला लावला. फरक पडला नाही. खरं तर खेळणारे आता सातच उरले होते आणि महिनाअखेरीला ती सगळं बंद करणार होती. पण कुणाची तरी तक्रार तशीच ठेवून खेळ मिटवणं तिला बरं वाटेना.

दुखणं पाच मिनिटांत सापडलं. प्रोग्राम येणारा मजकूर जुन्या इंग्रजी साच्यात बसवू पाहत होता. आकडे बसत होते. मराठी अक्षर बसत नव्हतं, म्हणून प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह. सेटिंगमध्ये युनिकोडचा, सगळ्या लिपी मावणारा साचा निवडला की काम झालं. तिनं हात पुढे केला, तर लॅपटॉपखाली एक वही उघडी होती.

"हे काय लिहिलंय?"

"खेळाचंच. खुब्याचं हाड मोडलं तं पाच महिने झाले, मी आठीच, या खाटेवर पडून हाये. भाची मेघानं खेळ टाकून देल्ला, आकडे कागदावर लिहून देल्ले, अन् गेली पुन्याले. मले वाटलं, खेळच असा असीन. वळखायचा."

नूतननं वही मांडीवर घेतली. पानभर चौकोन होते, रेघांनी जोडलेले. प्रत्येक चौकोनात त्या जागेच्या ओळीतली प्रश्नचिन्हं मोजून लिहिली होती. चार, चार, पाच, तीन. खाली अर्थ. जिथे पाच दाबल्यावर ताकदीचा आकडा वाढला, तिथे 'पानी'. जिथे आकडा घसरला, तिथे 'जपून'. नूतन बोटानं रेघा धरत गेली. विहीर जागेवर होती. घाट जागेवर होता. खेळ लिहिताना तिनं एका झोपडीत एक आंधळी म्हातारी बसवली होती, येईल त्याला कंदील देणारी. त्या चौकोनात लिहिलं होतं, 'आठी कोनीतरी हाये. मांगत काहीच नाही. देतं.'

या बाईनं खेळातला एक शब्दही वाचलेला नव्हता.

तिनं पान उलटलं. चौकोन पुढेही होते, डोंगरातल्या खिंडीच्या पलीकडे, उत्तरेला. तिनं मोजले. नऊ.

"अक्का, इथं काहीतरी चुकलंय. खिंडीशी खेळ संपतो. पुढे काही नाहीच."

"कसं नाही? मी रोज जाते."

उत्तरेचा भाग हितेंद्र लिहिणार होता. कॉलेजात असताना दोघांनी मिळून हा खेळ सुरू केला होता. तीन वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. त्याचं काम अर्धवटच राहिलं असणार, असं नूतन धरून चालली होती. खेळाला जोडलेल्या त्याच्या फायली उघडायचा धीर तिला कधी झाला नाही.

तिनं सेटिंग बदललं. प्रश्नचिन्हं गेली आणि पडद्यावर मराठी उमटलं. बेबाबाई चष्मा लावून बघतच राहिल्या.

"मला खिंडीत घेऊन चला," नूतन म्हणाली.

बेबाबाईंनी मजकुराकडे पाहिलंही नाही. बोटांना वाट पाठ होती. खिंड आली. त्यांनी एक दाबला. ओळ आली, 'पुढे रस्ता नाही.' पुन्हा एक दाबला. तीच ओळ. नूतनला ती ठाऊक होती. सगळे खेळणारे इथूनच मागे फिरायचे, ती स्वतःसुद्धा.

बेबाबाईंनी तिसऱ्यांदा एक दाबला.

'तीनदा विचारलंत, म्हणजे तुम्हाला खरंच जायचंय. या. बूट काढा, गवत ओलं आहे.'

हितेंद्र असाच बोलायचा. पुढे पठार होतं, पठारावर तळं, तळ्याकाठी चुलीचा धूर. नूतन एकेक वाक्य वाचत होती आणि बेबाबाई तिला पुढे नेत होत्या. नऊही जागा होत्या. एकही अर्धवट नव्हती. शेवटच्या जागी पोचल्यावर नूतननं पदर डोळ्यांना लावला. बेबाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळानं त्यांनी मजकूर मागे सरकवला. खिंडीपाशी थांबल्या. त्या ओळीखाली बोट धरून त्यांनी सावकाश, अक्षर अक्षर लावून वाचलं, "पुढे रस्ता नाही."

मग चष्मा काढून म्हणाल्या, "बरं झालं बाई, हे दिसत नव्हतं. मी पयल्याच दिवशी मांगं फिरली असती."