चौदा किलोमीटर

प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटरही नवा बसवला, तरी देवऱ्यांची जुनी गाडी अ‍ॅव्हरेज देईना. जेवतानाही त्यांच्या डोक्यात तेच. त्यात ड्रायव्हरची सीट रोज आपोआप पुढे सरकायची, म्हणून तिचं लॉकही बदलून झालं.

"किलोमीटरचं मीटर बंद, मग अंदाजानं कसलं अ‍ॅव्हरेज काढता?" म्हणत गॅरेजवाल्या रज्जाकभाईंनी मीटरची केबल नवी टाकली.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी करून आल्यावर देवऱ्यांनी आकडा पाहून ठेवला आणि ते नेहमीसारखे झोपले. उठून पाहतात तर आकडा चौदानं वाढलेला आणि सीट पुन्हा पुढे.

दहा वर्षांपूर्वी गाडी शिकवताना पहिल्याच वळणावर ते बायकोवर खेकसले होते, "तुझ्याच्यानं नाही व्हायचं." त्यानंतर तिनं स्टिअरिंगला हात लावलेला त्यांनी पाहिला नव्हता.

घरात ती गुणगुणत चहा गाळत होती. सीट मागे न ढकलता, गुडघे स्टिअरिंगला घासत ते तसेच गॅरेजात गेले.

"ती केबल काढून टाका."

"का? मीटर चुकीचं दाखवतंय?"

"नाही. बरोबर दाखवतंय."