तिसऱ्या मजल्यावरचं वायफाय

मीटिंगमध्ये किशोरचा साहेब तोंड उघडं ठेवून तसाच थिजला, तेव्हा किशोरनं कपाळावर हात मारला.

"आई, नेट गेलं!"

"गेलं का? माय वं!" मनकर्णाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मिक्सर लावाले त्याची पिन काढली होती रे. घे, लावली."

वडील गेल्यापासून किशोर पुण्याहून येऊन अकोल्यात आईच्या फ्लॅटमध्ये राहत होता. पुण्यात बायको प्राजक्ता, तिची नोकरी आणि चार वर्षांची आकांक्षा. आई अकोला सोडायला तयार नाही, आणि किशोर आईला एकटं सोडायला तयार नाही. ऑफिसनं घरून काम करू दिलं होतं खरं, पण साहेबांनी बजावलं होतं, नेट असंच रडत राहिलं तर मुकाट्यानं पुण्याला यायचं. म्हणजे आई एकटी.

वायफायवाला नितेश आला. त्यानं मोबाइलवर बिल्डिंगमधल्या वायफायची नावं दाखवली. यादी संपता संपेना.

"भाऊ, सगळे एकाच चॅनलवर बोंबलून राहिले. कोनाचंच कोनाले ऐकू येत नाही."

त्यानं चॅनल बदलला, राउटर कपाटामागून काढून हॉलच्या भिंतीवर उंच ठोकला. नेट असं पळायला लागलं म्हणता! किशोरनं खुशीत आईला मिठीच मारली.

"आता मी कुठंच जात नाही!"

"हाव का? बरं झालं बाप्पा," म्हणत मनकर्णाबाई पोळ्या लाटायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. आकांक्षा स्क्रीनवर "बाबा, तू कधी..." एवढंच म्हणून थिजली. मागे उभ्या असलेल्या मनकर्णाबाई पदरानं डोळे पुसत आत गेल्या.

किशोर हॉलमध्ये येऊन पाहतो, तर राउटरसमोर टेबलावर कूलर! पत्र्याचा, पाण्यानं काठोकाठ भरलेला.

"आई, हे काहून?"

"गरम होऊन राहिलं होतं बिचारं. मे महिन्यात मानसाले सोसत नाही, त्याले कसं सोसन? खालच्या पोट्ट्यायनं चढवून देला."

हसावं की रडावं? मधे पत्रा आणि पाणी आलं की सिग्नल मरतो, हे किशोरनं तिला समजावलं. तिनं मान डोलावली. मग कळलं, त्या पोट्ट्यांना तिनं पासवर्डही सांगून टाकलाय.

"उन्हात कुठं खेळतीन लेकरं? पाहू दे त्यायले कार्टून."

त्यानं पासवर्ड बदलला. संध्याकाळपर्यंत तोही पोट्ट्यांना पाठ. रागवायचं तरी कोणावर? इतकं भोळं माणूस एकटं कसं राहणार, म्हणून किशोरचा जीव तुटायचा.

शेवटी साहेबांचा फोन आलाच. सोमवारी ऑफिसात हजर व्हा.

निघताना किशोर लहान मुलासारखा रडला. मनकर्णाबाईंनी जेवणाचा डबा हातात दिला, "सांभाळून जाय," म्हणाल्या आणि जिन्यापर्यंतही आल्या नाहीत.

पुण्यात पोचल्यावर आकांक्षाला मांडीवर घेऊन त्यानं आईला व्हिडिओ कॉल लावला. आईचा चेहरा स्वच्छ दिसला, ओल्या पापण्यांसकट. आवाज एकदाही तुटला नाही.

"आई, आज नेट इतकं झकास कसं?"

"झकासच होतं रे राजा. 'जाय' म्हटलं असतं, तर तू गेला असता का लेकराजवळ?"