नववे नाव

युगांडातल्या गुलू येथील आमच्या कार्यशाळेत सलाइनच्या पंपांची आज्ञावली लामवाकाबाई लिहीत. पडद्यावरून त्या केवळ हुकूम देत. फायली जोडण्याचे वा पुसण्याचे काम संगणकात घातलेले एक वेगळे, बाहेरून आणलेले साधन करी आणि प्रत्येक फाइलीचे नाव पडद्यावर कळवी. फायली आठ होत्या. त्या दुपारी नावे नऊ उमटली. नववे नाव होते अबेर.

अबेर ही माझी कन्या. ती इस्पितळात आमच्याच पंपावर होती.

"बाई, ही थट्टा बरी नव्हे."

"ओर्येमदादा, तुमच्या लेकीचं नाव मला आत्ता कळतंय. जुनी घाण असेल कसली तरी. सगळं पुसते नि नव्यानं जोडते."

"पुसू नका. पाया पडतो."

"बरं बाबा, ते साधनच काढून टाकते. मग तर झालं?"

त्यांनी ते साधन समूळ काढले आणि हात मांडीवर ठेवले.

पडद्यावर आपोआप ओळ उमटली : पहिली फाइल पुसली. मग दुसरी. बाईंनी संगणकाची वायर उपटली.

"दादा, इस्पितळात फोन लावा."

घंटा वाजत राहिली, कोणी उचलेना. वीज तुटलेल्या त्या पडद्यावर आठवी ओळ उमटली.