तव्यापुढची पावलं

क्रीडा वसतिगृहातल्या वाढप-यंत्राने तानूबाईंच्या मनगटावरचा पट्टा वाचला आणि ताटात एकच भाकरी टाकली. आधी जेवून गेलेल्या कबड्डीच्या पोरींना चार-चार मिळाल्या होत्या. त्याचं तानूबाईंना काही नव्हतं. पोरी घाम गाळून आल्या होत्या. पण पहाटेपासून तव्यापुढे उभं राहून दोनशे भाकऱ्या थापणारीला एक?

“बाई, पट्टा पावलं मोजतो,” मागे ताट घेऊन उभे असलेले आहारतज्ज्ञ मोघे सर म्हणाले. “तुम्ही जागच्या हलला नाहीत. तुमच्या शरीराला जास्त लागतच नाही.”

त्यांनी आपला पट्टा यंत्रापुढे धरला. सकाळभर मोबाइलवर गप्पा मारत मैदानाला फेऱ्या घातलेल्या सरांसाठी पडद्यावर आकडा आला, पाच.

तानूबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“म्हणजे आज मी कामच केलं नाही?”

“नोंद तरी तसंच सांगते.”

तानूबाईंनी यंत्रामागची भाकऱ्यांची टोपली उचलून कमरेवर घेतली.

“अहो, माझं जेवण व्हायचंय!”

“मी काम केलं नाही ना? मग या भाकऱ्याही झाल्या नाहीत,” म्हणत त्यांनी स्वयंपाकघराला आतून कडी घातली.