उशीर

एकाहत्तरच्या लढाईपायी मॅट्रिक अर्धवट सोडून गेलेल्या किसनसिंगांचा गावच्या शाळेत सत्कार होता. दहावीच्या वर्गात शाल, नारळ, खुर्ची, सगळं तयार होतं. ते मात्र दाराबाहेरच थांबले.

"या ना, आजोबा. चहा गार होऊन राहिला," मुख्याध्यापक बाई म्हणाल्या.

"तसं कसं येऊ, बाई? जाताना गुरुजींला 'येतो' म्हणलो होतो. सत्काराला येतो म्हणलो नव्हतो."

बाईंनी हातातली शाल टेबलावर ठेवली. फळ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. आवाज कडक केला.

"इतका उशीर काहून झाला?"

"लढाई होती, बाई."

कुणी न सांगता सगळा वर्ग उभा राहिला.

"ये आत," बाई कशाबशा म्हणाल्या. "बस."

किसन आत आला आणि पोरांच्या बाकावर बसला.