शनिवारचा घाणा

इस्राएलहून पहिल्यांदाच आलेल्या डेबोराला एका शनिवारात सगळं रोहा बघायचं होतं. सकाळी कुंडलिकेत राफ्टिंग झालं, दुपारी भिजलेल्या बुटांनीच ती अवचितगड चढून आली, आणि मग रिक्षावाल्याला घाई करत ज्यू आजोबांच्या तेलघाण्यावर पोचली. देश सोडून इस्राएलला जाताना त्यांनी तो शेजाऱ्यांकडे सोपवला होता.

दाराला कुलूप होतं.

"नेमका आजच बंद?" तिने ओट्यावर बसलेल्या, आता घाणा चालवणाऱ्या महिपतीकाकांना विचारलं.

"दर शनवारी बंद. तुझ्या आजोबांनी माझ्या बापाला सांगितलेलं, शनवार देवाचा, त्या दिवशी घाणा फिरवायचा नाय. आम्ही कधी मोडलं नाय."

मग तिच्या चिखलाच्या बुटांकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "तिकडं तुमचा शनवार बदलला काय गो?"